टुंबाचा ठेका

कीर्तनात एक जागा अशी येते, की तिथं श्रोता जरा सैल बसतो. पूर्वरंगाचं निरूपण संपत आलेलं असतं, आख्यान अजून सुरू व्हायचं असतं, यजमान हार आणि बुक्क्याची वाटी घेऊन उठायच्या बेतात असतात. जाणता कीर्तनकार नेमका तिथं एखादा हलका चुटका सोडतो. माणूस हसला की त्याचं मन उघडतं, आणि उघड्या मनात नाम अलगद पडतं, असं गजाननबुवा हर्डीकर सांगायचे. त्यांची लेक वैजयंतीबाई आता साठी ओलांडून कीर्तनाला उभी राहत होती आणि ती जागा तिने वडिलांसाठीच राखून ठेवली होती.

त्या संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या राममंदिरात तिने झांज थांबवली आणि पदर खोचला.

"तर मंडळी, 'पोवळेबेट' सिनेमा पाहिला नाही असा कोण आहे इथं? हात वर करा. बघा, एकही नाही! त्यातला टुंबा म्हणजे आमचे बुवा. बेटावर शूटिंग, आणि अंगाला फासायचा काळ्या रंगाचा डबा पडला समुद्रात. दिग्दर्शक बसले डोक्याला हात लावून. बुवा म्हणाले, थांबा हो. पिशवीतला कीर्तनाचा बुक्का काढला, खोबरेलात कालवला आणि फासला अंगभर. म्हणाले, आज पांडुरंगाचा रंग लागला अंगाला, आता नाचायला कसली लाज?"

एवढं म्हणून ती गुडघे वाकवून दोन पावलं नाचली. मागून तबल्यावर टुंबाचा ठेका पडला, धिंतडाक् धिंतडाक्, आणि अख्खं मंदिर एका सुरात ओरडलं, "टुंबाला भूक लागली!"

तबल्यावर गिरिजा सिद्दी होती. कित्येक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आणल्या गेलेल्या माणसांचे वंशज ते सिद्दी. यल्लापूरच्या रानातलं तिचं गाव, घरात कोकणी बोलायची, बेळगावच्या वसतिगृहात वाढली आणि तबला शिकून कोल्हापुरात आली ती वैजयंतीबाईंचीच होऊन राहिली. दोघींनी मिळून किती गावची देवळं पालथी घातली असतील त्याला गणती नाही. गिरिजा त्यांना अक्का म्हणायची. अक्कांनी श्वास घेतला की गिरिजाचा हात उचलायचा. खूण करावी लागत नसे.

मंदिर हसत होतं. फक्त मागच्या खांबाला टेकून उभा असलेला निषाद, वैजयंतीबाईंचा मुलगा, हसत नव्हता.

घरी तिने पिठलंभाताचं पान वाढलं, तो हात धुऊन बसला. मग म्हणाला, "आई, 'पोवळेबेट' आलाय आमच्याकडे."

निषाद चित्रपट जतन मंडळात यंत्रज्ञ होता. जुने सिनेमे स्वच्छ करून शाळाशाळांतल्या पडद्यांवर पोचवणारं मंडळाचं 'बालदालन' होतं. दालनात जागा मिळालेल्या सिनेमाचा आवाजही यंत्रावर धुऊन मिळे. बाकीचे सिनेमे जसे असतील तसे थंड कपाटात पडून राहत.

वैजयंतीबाईंचा घास हातातच राहिला. "म्हणजे शेवटचं पद? बुवांचा आवाज? खरखर जाईल त्याच्यातली?"

बुवांच्या आवाजाची तेवढी एकच खूण जगात उरली होती. सिनेमाच्या अखेरीला टुंबा बेटावर अडकलेल्या दोन मुलांना पाठुंगळी घेऊन होडीपर्यंत पोचवतो आणि कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून गातो, *'नाव तुझी तू ने रे, मी इथंच उभा रे.'* घरातल्या प्रतीत ते पद पावसात भिजल्यासारखं ऐकू यायचं.

"जाईल. पण सुनावणी आहे आधी. हरकत आलीय."

"कसली हरकत?"

"आई, खरंच विचारतेयस? टुंबा आरशाला घाबरतो. भाकरीच्या तुकड्यासाठी नाचतो. ती मुलं त्याला साबण देतात, गोरा होशील म्हणून, आणि तो अंग घासघासून शेवटी फेस खातो. काळा माणूस म्हणजे येडा, खादाड, हसण्यासाठीच जन्मलेला. हे मी उद्या पहिलीच्या वर्गात दाखवू?"

"अरे, पण शेवटी तोच वाचवतो ना मुलांना! आणि बुवांच्या मनात तसं काही होतं का? आपला देव काळा, निषाद. सावळ्या सावळ्या म्हणून आपण आळवतो त्याला. काळेपणाची टिंगल बुवा करतील? बुक्का लावला त्यांनी, बुक्का!"

"देव काळा असला की आपण पाया पडतो. माणूस काळा असला की साबण देतो. एवढंच म्हणणं आहे माझं."

"तुझी जीभ फार चालते हल्ली. भाव तिथे देव. भाव बघावा माणसाचा."

"भाव आजोबांचा निर्मळ होता, मान्य. पण बघणाऱ्याचाही काही असतो ना? श्रोत्यावाचून कीर्तन होतं का? तूच सांगतेस."

यावर तिने ताकाचं भांडं जरा आपटून ठेवलं. मग धीर करून विचारलं, "सुनावणीत ठरवतात तरी कसं? तू एक म्हणणार, मी एक म्हणणार."

"पूर्वी तसंच चालायचं. भांडणं कोर्टापर्यंत जायची आणि मिटायची नाहीत. आता प्रतिस्पंद आहे."

वर्तमानपत्रात तिने ते नाव वाचलं होतं. निषादने पाण्याचा पेला बाजूला सारला आणि समजावून सांगितलं. सिनेमा बघताना माणूस काय विचार करतो ते कुठल्याच यंत्राला कळत नाही. पण शरीर मनाआधी बोलतं. छातीचे ठोके, श्वास, तळव्यांचा घाम, पोटातल्या स्नायूंचं आवळणं, हे सगळं छातीवरच्या पट्ट्याने टिपता येतं आणि सिनेमाच्या पट्टीला क्षणाक्षणाने जोडून ठेवता येतं. मेंदूपासून हृदयाकडं आणि पोटाकडं जाणारी एक लांबलचक नस आहे, व्हेगस तिचं नाव. तिची एक बारीक फांदी कानाच्या खोबणीत येते. तिथं चिमटा लावून मुंगी चालल्यासारखा सूक्ष्म प्रवाह सोडला, की दुसऱ्याचं हृदय त्या टिपून ठेवलेल्या लयीमागून चालू लागतं, पोट तसंच आवळतं, तसंच सैल होतं.

"म्हणजे एकाच्या अंगातलं दुसऱ्याच्या अंगात?"

"विचार जात नाही. नुसती लय जाते. तंबोरा शेजारी ठेवला की दुसऱ्याची तार आपोआप हलते ना, तसं. आणि मंडळाचा नियम आहे, ज्यांची टिंगल झाली म्हणतात त्यांच्यातल्या कुणाची तरी लय आधी टिपायची, आणि सिनेमाची बाजू जो मांडेल त्याने सुनावणीत चिमटा पहिला लावायचा."

"लावीन की!" वैजयंतीबाईंचा चेहरा उजळला. "आणि बघायला गिरिजेला बसवा. तिच्या जातीचंच आहे ना हे सगळं? ती इतकी वर्षं आमच्यात आहे, टुंबाचा ठेका तिच्याइतका कुणाला वाजवता येत नाही. पोट धरून हसेल. मिटला तुमचा वाद."

निषादने पेला पुन्हा जवळ ओढला. "तिला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? घरचीच आहे ती."

तरी दुसऱ्या दिवशी रियाजाच्या वेळी तिने विचारलं. गिरिजा हातोडी घेऊन तबल्याचे गट्टे ठोकत होती. तिने मान वर केली नाही.

"कुणासमोर बसायचं ओ अक्का?"

"कुणासमोर नाही. एकटीने सिनेमा बघायचा. बुवांसाठी एवढं कर गं."

गिरिजाने एक गट्टा ठोकला, स्वर बघितला, पुन्हा ठोकला. "बसते. पण मग ते कानाला तुम्हीच लावणार ना? दुसरं कोण लावलं तर मला नको."

"मीच लावणार. नियमच आहे तसा."

"मग बसते."

बघण्याच्या दिवशी वैजयंतीबाई काचेपलीकडून बघत होती. टुंबा पडद्यावर आला आणि गिरिजा हसली. साबणाच्या प्रसंगाला तर खळखळून हसली, तोंडावर हात घेऊन. वैजयंतीबाईने शेजारी उभ्या मुलाला कोपराने ढोसलं. "बघितलंस?"

निषादचं लक्ष गिरिजाच्या छातीवरच्या पट्ट्यातून येणाऱ्या आलेखाकडं होतं. तो म्हणाला, "आई, सुनावणी होईपर्यंत मला काही बोलता येत नाही." त्याचा आवाज तिला आवडला नाही.

सुनावणीला मंडळाच्या छोट्या थिएटरात बरेच लोक होते. अध्यक्षस्थानी कुंभोजकर मॅडम, निवृत्त प्राचार्य. शहरातले जुने थिएटरमालक बापू माणगावे सदस्य म्हणून होते आणि त्यांनी सुरुवातीलाच तोफ डागली.

"हसवायचा सिनेमा हाय तो, मॅडम. आमच्या थेटरात पोरं खुर्चीवर उभी राहून नाचायची. आता हसण्यालाबी परवाना काढायचा काय?"

"कुणी कुणावर हसायचं, एवढाच प्रश्न आहे, बापू," मॅडम म्हणाल्या.

"टुंबावर हसत्यात हो! टुंबा कुठं खरा हाय?"

"टुंबा खरा नाही. पण टुंबासारखं दिसणारी मुलं वर्गात खरी असतात."

"मग हाडकुळ्यावर, जाड्यावर, टकल्यावर पण हसायचं बंद करा. माझ्यावर काय कमी हसत्यात?" बापूंनी टोपी काढून दाखवली आणि सभा हसली.

वैजयंतीबाई उभी राहिली. तिला बोलणं नवं नव्हतं. बुवांनी कधी कुणाला हीन लेखलं नाही, कुठल्याही घरचं पाणी प्यायले, बुक्क्याची कथा, सावळा देव, सगळं तिने मांडलं. शेवटी म्हणाली, "माझ्या वडिलांचा भाव निर्मळ होता. आणि आमची गिरिजा स्वतः सिद्दी आहे. ती हसलीय. मी डोळ्यांनी बघितलंय. याउपर काय साक्ष हवी?"

गिरिजा मागच्या रांगेत बसली होती. सभेतल्या माना तिच्याकडं वळल्या. ती मांडीवरच्या पिशवीचा बंद नीट करत राहिली.

निषादने आईच्या कानाला चिमटा लावला. थिएटरात अंधार झाला.

पहिली काही दृश्यं नुसतीच गेली. वादळ, फुटलेली होडी, किनाऱ्यावर दोन ओली मुलं. वैजयंतीबाईला वाटलं, यंत्र बिघडलेलं दिसतंय. मग मुलगी झाडीकडं बोट दाखवते. टुंबा अजून आलेला नसतो, नुसती पानं हलतात.

तिच्या पोटात कुणीतरी मूठ आवळली.

तळपाय गार पडले. मानेमागचा भाग ताठ झाला, मागच्या बाकावरचं कुणीतरी आता काही फेकून मारणार असावं तसा. पानं बाजूला झाली आणि तिचे वडील आले. तिला ओळखू येणारे त्यांचे पुढचे दात, डोळ्यांतलं मिश्कील पाणी. तिचं स्वतःचं काळीज नेहमीसारखं उचंबळायला गेलं आणि मधेच अडकलं, कारण कानातली लय त्याला खाली दाबत होती. एका छातीत दोन ताल.

मग हसू आलं. पण ते विनोदाच्या आधी आलं. टुंबा भुकेचं वाक्य म्हणायच्या आधी, आरसा दिसायच्या आधी, साबण हातात पडायच्या आधी. दर वेळी पोटाची मूठ आधी, मग घाईघाईने श्वास, आणि मग हसू. सगळ्यांच्या आधी हसून घ्यायचं, म्हणजे हसणारे आपल्याकडं वळून बघत नाहीत.

तो घाईचा श्वास वैजयंतीबाईला ओळखू आला. यंत्राची गरज नव्हती. दर कीर्तनात, ती पदर खोचायची तेव्हा, तिच्या पाठीमागे डाव्या अंगाला तो यायचा. तिला वाटायचं, गिरिजा ठेक्याची तयारी करतेय.

ती चिमटा काढायला गेली. हात वर नेला आणि तसाच खाली आणला. नियम होता, त्यापेक्षा मागच्या रांगेत गिरिजा होती.

आणि मग पाण्यातलं दृश्य आलं. बुवा कमरेएवढ्या समुद्रात उभे राहिले, बुक्का ओघळून गालावर गोऱ्या रेघा उमटलेल्या, आणि गाऊ लागले. खरखरीतून आवाज वर आला. त्या क्षणी पोटाची मूठ सुटली. तळपायांत ऊब आली. श्वास लांब लांब होत गेला आणि ठोके संथ झाले, अगदी आईच्या कुशीत निजलेल्या लेकरासारखे. गिरिजाच्या अंगाने ते पद असं ऐकलं होतं, की बुवांच्या पोटच्या लेकीनेही कधी तसं ऐकलं नव्हतं.

दिवे लागले तेव्हा वैजयंतीबाईचा चेहरा ओला होता, आणि कशासाठी ते तिला सांगता आलं नसतं. मॅडमनी निकाल पुढच्या बैठकीवर ठेवला.

बाहेर आवारात चहाच्या टपरीपाशी गिरिजा उभी होती. वैजयंतीबाई जवळ गेली.

"कधी बोलली नाहीस गं."

"तुम्ही विचारलं कधी, अक्का?" गिरिजाच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "बेळगावला वसतिगृहात टुंबा हेच नाव होतं माझं. जेवायच्या रांगेत उभी राहिले की सगळ्या पोरी ओरडायच्या, टुंबाला भूक लागली. कोण तरी साबणाची वडी माझ्या उशाखाली ठेवायचं. एकदा तर मीच घासून बघितलं ओ, खरंच. मग वसतिगृह सोडून मामाकडं गेले."

"आणि तरी माझ्यामागे इतकी वर्षं तो ठेका..."

"बुवांचं ते पद होतं ना त्याच्यात. ते ऐकून मी तबला शिकले. एक दिवस ह्या पदामागं आपण वाजवायचं, एवढंच मनात. तुमच्याकडं आले, तुम्ही पोटच्या पोरीसारखं ठेवलं. पदाच्या आधी तो नाच यायचा, तेवढा गिळायचा. गिळायची सवय होती." तिने कपातला चहा ढवळला. "बुवांच्यापायी वसतिगृह सुटलं, आणि बुवांच्यापायीच तबला लागला. दोन्ही एकाच सिनेमात. मी काय करू?"

"मग आता मी काय करू, तू सांग. तू म्हणशील तसं."

गिरिजाने पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघितलं. "साक्ष माझ्याकडून घेतलीत. आता निकाल पण माझ्याकडूनच?"



दोन दिवसांनी निषाद घरी आला तो बूट न काढताच खुर्चीत बसला. "गिरिजामावशीने तिच्या ठोक्यांची टिपलेली पट्टी पुसायला सांगितली. तिचा हक्क आहे, पुसली मी. म्हणाली, माझं पोट तुमच्या कपाटात कशाला? बरोबर आहे तिचं. आता सगळीकडून मागणी सुरू झालीय, आई. ज्याला त्याला सिद्द्यांची पोटं हवीत, आदिवाशांची हवीत, सिनेमाला लावून बघायला. तिकडं निर्माते पैसे देऊन शांत बसणारी माणसं तयार करतायत, काही बघितलं तरी ठोका न चुकणारी. आम्हाला वाटलं होतं, या यंत्राने वाद मिटेल. पण दुखणं सिद्ध करायची पाळी ज्याचं दुखतं त्याच्यावरच आली."

"मग सुनावणीचं काय?"

"पट्टी नाही, म्हणजे पुरावा नाही. पुरावा नसला की बाजू मांडणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात. तू सिनेमाच्या बाजूने दिलेला अर्ज मागे घेतला नाहीस, तर 'पोवळेबेट' बालदालनात जाईल. पद धुतलं जाईल." त्याने बूट काढायला घेतले. "बापू माणगावेंनी एक सुचवलंय. नुसतं पद कापून ठेवावं. टुंबा गाळायचा, आवाज ठेवायचा. मॅडमनाही पटतंय."

वैजयंतीबाई देवघरापाशी जाऊन बसली. बुक्क्याची डबी उघडली, तिचा वास घेतला. लहानपणी बुवा कीर्तनाहून आले की त्यांच्या उपरण्याला हाच वास असायचा. पट्टी गेली होती, साक्ष गेली होती; खोटं ठरवायला कुणीच उरलं नव्हतं. तिने नुसतं गप्प बसायचं होतं, की वडील पुन्हा स्वच्छ आवाजात गाणार होते, गावोगावच्या शाळांत, ती गेल्यावरसुद्धा.

"कापायचं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ज्या तोंडाने ते पद गायलं त्याच तोंडात साबणाचा फेस होता. गाणं तेवढं आमचं, आणि फेस कुणाचा नाही, असं कसं? बुवांना अर्धं कापून मी पूजेला लावणार नाही." तिने डबी मिटली. "अर्ज मागे घे. कपाटात ठेव आहे तसा. ज्याला अभ्यास करायचाय तो मोठा माणूस येऊन बघेल."

"आई, त्या कपाटात फिल्म हळूहळू विरते. आजोबांचा आवाज..."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली, आणि डबी देवापुढे ठेवली.

पुढचं कीर्तन राममंदिरातच होतं. गिरिजा येईल की नाही, हे वैजयंतीबाईने विचारलं नव्हतं. ती आली, तबला पुसून डाव्या अंगाला बसली.

पूर्वरंग संपत आला. मंडळी सैल बसली. पुढच्या रांगेतले काका आधीच हसऱ्या तोंडाने वर बघत होते. यजमानांनी बुक्क्याची वाटी उचलली. आणि वैजयंतीबाईच्या पोटात, कानाला काहीही लावलेलं नसताना, ती मूठ आवळली.

"अक्का, टुंबा!" मागून कुणीतरी ओरडलं. दोनचार जण हसले.

तिने पदर खोचला नाही. म्हणाली, "मंडळी, इथं मी तुम्हाला एक गोष्ट सांगून हसवत आले. आज माझ्याकडं ती गोष्ट नाही."

सभा बुचकळ्यात पडली. कुजबुज झाली. कुणी म्हणालं, बरं नाही का बाईंना? पुढचे काका नाराज होऊन मागं टेकले. उघडं करायचं ते मन आज मिटत चाललंय, हे तिला दिसत होतं. तिने झांज उचलली आणि वडिलांचं पद सुरू केलं.

*'नाव तुझी तू ने रे...'*

मागून ठेका आला नाही.

तिने वळून बघितलं नाही. पहिली ओळ एकटीने गायली, दुसरी एकटीने गायली. आपला आवाज साठीचा झालाय, वरच्या स्वराला कापतोय, हे तिला आज उघडं पडल्यासारखं ऐकू आलं. तिसऱ्यांदा ती ध्रुवपदावर आली, तेव्हा मागे एक श्वास झाला. घाईचा नव्हता. लांब होता.

मग डग्ग्यावर एक थाप पडली. तिने धरलेल्या लयीत नव्हती ती. कितीतरी संथ, तिने आजवर कधी न गायलेल्या संथ चालीत. पुढची थाप कधी पडेल याचा तिला अंदाज येईना. इतक्या वर्षांत लय नेहमी अक्कांनी धरली होती आणि हात मागून आला होता.

वैजयंतीबाईने झांज खाली ठेवली, डोळे मिटले, आणि पुढच्या थापेची वाट बघत मधेच थांबली.